साडेपंधरा मिलिमीटर

सोमवारी पडला. मंगळवारी पडला.
बुधवारी नाही, गुरुवारी पुन्हा.
दर वेळी साडेपंधरा, एकदा सोळा,
चार मिनिटांत, आणि मग ठणठणीत.

गोरेवाड्याचं केंद्र, माझ्या यादीत सतरावं.
त्याच ओळीत पुढे मांडलेलं:
आर्द्रता एकवीस टक्के, तापमान बत्तीस,
वारा पश्चिमेचा, कोरडा,
आणि पाऊस साडेपंधरा.
यंत्राला संकोच नसतो.
आतली बादली कलली की ते मोजतं,
कशानं कलली ते विचारत नाही.

लांजेवार साहेबांचा फोन आला.
"मॅडम, तुमच्या केंद्रानं आजही
बत्तीस जणांना जोरदार पावसाचा इशारा धाडला.
त्या यादीत माझी बायको आहे.
तिनं गच्चीवरच्या कुरड्या उचलल्या."

नोंदीतली वेळ एक चाळीस.
यंत्राचं घड्याळ ग्रीनिचला लावलेलं,
साडेपाच तास मिळवले की निघतात
नागपूरचे सकाळचे सात दहा.
रोज सात दहा.
ढग इतके वक्तशीर नसतात.
माणसं असतात, तीही मोजकीच.

शुक्रवारी साडेसहालाच स्कूटर काढली.
डिकीत पाना, मल्टिमीटर, जुना टूथब्रश,
मुंग्यांसाठी हळदीची पुडी.
आठ वर्षांत या नरसाळ्यांतून काय नाही काढलं:
कडुनिंबाच्या काड्या, संक्रांतीचा मांजा,
गांधीलमाशीचं अर्धं बांधलेलं घर,
एकदा कावळ्यानं टाकलेली अंगठी,
जी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले.
फागोजी उईके, रात्रपाळीचे चौकीदार,
पाळी संपवून निघाले, कुंपणापाशी थांबले,
चपला काढल्या, आत गेले.
हातात स्टीलचा मग.
सांडू न देता, बारीक धार धरून
ओतत राहिले.
आणि मला ऐकू आलं: टक्. टक्. टक्.
एकतीस टिचक्या. मोजल्या मी,
सवयच लागली आहे.

"काका, हे काय?"
"पाखराइले पाणी, बाई. ऊन पायता न तुमी.
सरकारनं भांडं तं चांगलं देल्लं,
पण त्याले भोक पडलं वाटते.
टाकलं का जिरते, भरतच नाई.
दोन अर्ज केले म्या."
"आणि बुधवारी?"
"बुधवारी माही सुट्टी रायते जी."

मी झाकण उघडून दाखवलं:
चमच्याएवढ्या दोन बादल्या, पाळण्यासारख्या,
एक भरली की कलते, दुसरी पुढे येते.
ते वाकून बराच वेळ बघत राहिले.
"एवढ्याशा चमच्यानं आभाय मोजता?"
मग, "मंग म्या टाकलं थे कुठं गेलं?"
पाणी मातीत, म्हटलं, आणि आकडा
टॉवरवरून थेट पुण्याला.
"पुण्यालेच गेलं म्हना," ते म्हणाले,
आणि चपला घालून हसत निघाले.

कार्यालयात नोंदी दुरुस्त करायला बसले.
दोषाचं कारण निवडा:
मुंग्या. गंज. विष्ठा. तार तुटली. इतर.
इतर.
आता आकड्याच्या जागी काय?
शून्य लिहिलं तर अर्थ होतो, पडलं नाही.
पडलं तर होतं. मी तिथे उभी होते.
म्हणून उणे नऊशे नव्याण्णव टाकले,
आमच्या भाषेत: ठाऊक नाही.
आठवड्यात चार वेळा मी लिहिलं, ठाऊक नाही,
आणि खाली सही केली.

शनिवारी कुंपणाच्या दहा पावलं बाहेर
मातीचं परळ दिसलं, काठावर दोन साळुंक्या.
सात दहाची नोंद: शून्य.
सात बाराची: अर्धा मिलिमीटर.
एकच टिचकी.
फोन हातात घेतला,
उईक्यांचा नंबर काढला,
आणि बघत बसले त्या अर्ध्याकडे.